दम न लागणारी पेटी

आमच्या दुकानात पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक आधी माझ्या पाठीमागं डोकावायचं. मागं भिंत होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली पोट उघडं टाकलेले रेडिओ. तिथं कुणी दिसलं नाही, की प्रश्न यायचा, "बाई, मिस्तरी कुठी गेला?"

"इथंच बसलाय," असं म्हणून मी हातातलं सोल्डरिंग आयर्न वर करून दाखवायची. त्यावर काही जण हसायचे, काही जण रेडिओ परत काखेत मारून चालते व्हायचे. भद्रावतीत माझ्या बापाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बापाची नजर गेली, भाऊ कोळशाच्या खाणीत लागला, आणि आयटीआयचं सर्टिफिकेट घरात माझ्या एकटीकडे होतं. म्हणून मी बापाच्या स्टुलावर बसले ती गुडघे बोलायला लागेपर्यंत उठलेच नाही. एवढ्या वर्षांत लोक मला बाई म्हणाले, ताई म्हणाले, "रेडिओवाली" म्हणाले. दुकानात मिस्तरी मात्र कुणी म्हणेना. मला त्याचा राग यायचा, आणि मी तो कधी लपवला नाही.

या अंकासाठी संपादकांनी दुरुस्तीच्या आठवणी मागितल्या आहेत. दुरुस्तीत आठवण्यासारखं काय असतं? सुटलेली तार, जळालेला ट्रान्झिस्टर, आत शिरलेली पाल. मला सांगायचं आहे ते आधी जगात नसलेल्या वस्तूबद्दल. ऐंशीच्या दशकात, आमच्या त्या दुकानात, मी विजेपासून आवाज तयार करणाऱ्या पेट्या हातानं बांधत होते. नागपूरला सीताबर्डीवर सामान घ्यायला गेले, की तिथून इलेक्ट्रॉनिक्सचं एक इंग्रजी मासिक आणायची. त्यात अशा पेट्यांची चित्रं असायची. इंग्रजी निम्मं कळायचं. सर्किटच्या नकाशाला मात्र भाषा लागत नाही.

धंद्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. अशा पेटीत तीन खण असतात. पहिला खण नुसता गुणगुणतो. वीज जास्त दिली की वरच्या सुरात, कमी दिली की खालच्या. दुसरा खण त्या गुणगुणण्यातलं नको ते गाळतो. जास्त गाळलं तर बासरी, कमी गाळलं तर सनई. तिसरा खण म्हणजे दार. ते हळू उघडायचं की धाडकन, यावर आवाज सारंगीचा वाटणार की टाळाचा, हे ठरतं. मासिकात यांची भली मोठी इंग्रजी नावं होती. आमच्याकडे ती भुंगा, गाळणी आणि दार अशी पडली. ती कुणी पाडली ते पुढं येईलच.

माझ्या हातची पहिली पेटी वाघाची होती. जंगलाकाठच्या एका गावचे महादेवभाऊ ट्रान्झिस्टर दुरुस्तीला घेऊन आले आणि रडगाणं गाऊ लागले, "काय सांगू बाई, रानडुकरं सारं धान खाऊन राह्यले. फटाके फोडले, डबे वाजोले, कायी फरक नाई." मी गमतीनं म्हटलं, वाघ ठेवा राखणीला. ते गंभीर झाले. "बनवून देता का?"

मग मला राहवेना. रेडिओवर स्टेशन चुकलं की जी खरखर येते ती घेतली, तिच्याखाली एक खोल भुंगा घातला, दोन्ही गाळले आणि दार हळू उघडून हळू मिटेल असं केलं. पुढं भोंगा जोडला. आमच्या गल्लीतली कुत्री शेपूट घालून पळाली तेव्हा मला पेटी जमल्याची खात्री पटली.

डुकरं पळाली. पण गावातल्या बायाही सरपणाला जाईनात. वनरक्षक येऊन चिखलात पावलांचे ठसे शोधू लागला. ठसे नाहीत आणि डरकाळी तर रोज, म्हणून हा देवाचा वाघ असणार असंही कुणी बोलून गेलं. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्यानं महादेवभाऊंना चारचौघांत विचारलं, "काऊन रे, वाघ रोज तुह्याच वावरातून ओरडते, अन तुह्या जेवणाच्या टायमालेच?" महादेवभाऊंनी पेटी गुपचूप काढून टाकली. एका तंबूवाल्याच्या गळ्यात मारली. तो तंबूवाला शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत तिकीट लावून डरकाळी ऐकवू लागला.

त्या जत्रेतून माझ्याकडे केवळभाऊ आले.

काठी टेकत, डावा पाय ओढत ते दुकानात शिरले. मागं त्यांची बायको अनुसयाबाई पिशवी घेऊन. केवळभाऊंनी भिंतीकडे बघितलं नाही. सरळ मला विचारलं, "तो वाघ तुमीच केला का, बाई?"

"केला. काय तक्रार आहे?"

"तक्रार नाई जी. त्याचा खालचा सूर लय सच्चा हाये."

अनुसयाबाई मात्र माझ्याकडे बघत होत्या. "बाईमाणूस वाघ करते, बाप्पा!" एवढंच त्या म्हणाल्या आणि स्टुलावर टेकल्या.

केवळभाऊ झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवत. दिवाळी झाली आणि धान कापून झालं, की आमच्याकडे गावोगाव नाटकं लागतात. कंपन्यांचं बस्तान वडशाला. नाटक रात्री सुरू होतं आणि सकाळी उजाडताना संपतं. मंचासमोरच्या खड्ड्यात वादक बसतात आणि त्यांच्या मधोमध ऑर्गन. ऑर्गन म्हणजे पायानं भाता मारायची पेटी. दोन्ही हात सुरांवर आणि दोन्ही पाय भात्यावर. गेल्या हंगामात सामानाची ट्रॉली उलटली आणि केवळभाऊंचा डावा पाय कमरेपासून आखडला. एका पायानं वारा पुरेना. दुसरा माणूस भात्यावर बसवून पाहिला, तर केवळभाऊंचं म्हणणं, "दुसऱ्याच्या पायानं वाजवणं म्हंजे दुसऱ्याच्या तोंडानं जेवणं." हार्मोनियमला पाय लागत नाहीत, पण एक हात भात्यात अडकतो, आणि कंपनीच्या मालकांना दोन्ही हातांचं भरलेलं वाजवणं हवं होतं.

केवळभाऊंचं घर तळ्यावर मासे धरणाऱ्यांचं. पाण्यात उभं राहायलाही पाय लागतोच. "खड्ड्यातली जागा गेली तर मी कायी कामाचा नाई उरलो," ते म्हणाले. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. मला गलबलून आलं. म्हणून मी उगाच खेकसले, "मला वाघ येतो. ऑर्गन येतो असं कुणी सांगितलं?"

"वाघ येते तं ऑर्गन बी येईन. त्याले कमी गुरगुरावं लागते."

तो उन्हाळा त्या पेटीत गेला. मोडक्या हार्मोनियमच्या पट्ट्या घेतल्या. प्रत्येक पट्टीखाली जुन्या टेलिफोनच्या रिलेमधली पितळी जीभ बसवली, पट्टी दाबली की जीभ टेकणार आणि त्या सुरापुरती वीज सुटणार. दोन हातांसाठी दोन भुंगे केले. केवळभाऊ अधूनमधून येत, बाकावर डोळे मिटून बसत, मी एकेका पट्टीचा सूर बांधणारा प्रीसेट स्क्रूड्रायव्हरनं फिरवत जायची. "चढला... उतरला... हां, आता बसला." भुंगा, गाळणी, दार ही नावं त्यांचीच. मे महिन्यात एका दुपारी पेटी पूर्ण सुरात लागली आणि केवळभाऊंनी दोन्ही हातांनी यमन वाजवला. माझा आंधळा बाप आतल्या खोलीतून भिंत चाचपत आला आणि विचारू लागला, "ऑर्गन कोणी आणला?" त्याला समजावता समजावता मी हसत होते, पण डोळ्यांतून पाणी आलंच.

दिवाळीच्या आधी चंद्रपूरहून छोट्या लाइनीच्या गाडीनं आम्ही पेटी वडशाला नेली. मालकांचं नाव देवाजीभाऊ. मालक तेच आणि गाणारे नायकही तेच. धिप्पाड माणूस, काळी दोनच्या पट्टीत गायचे आणि माइकपासून हातभर लांब उभे राहायचे. आवाज त्यांचा खणखणीत आणि स्वभावही. पेटीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "मिस्तरी नाई आला का संग?" केवळभाऊंनीच माझ्याकडे बोट केलं. देवाजीभाऊ "असं का!" म्हणाले आणि तालमीला उभे राहिले.

पहिली ओळ झकास गेली. दुसरीला देवाजीभाऊंचा चेहरा लाल झाला. तिसरीला ते मध्येच थांबले आणि छाती धरून खोकायला लागले. पेटीचा सूर तसाच चालू होता, सरळ, एकसारखा. त्यांनी पेटीकडे बोट रोखलं. "हे थांबत काऊन नाई? ज्याले दम लागत नाई, त्याच्यासंग मी गाऊ कसा?"

मला आधी कळेचना. सूर चुकला नव्हता, हलला नव्हता. मग केवळभाऊ हळूच म्हणाले, "बाई, भात्याचा दम." आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. ऑर्गनचा भाता भरतो तेव्हा सूर किंचित फुगतो, रिकामा होतो तेव्हा किंचित पडतो. वाजवणारा आपल्या पायानं गाणाऱ्याला सांगत असतो, की आता श्वास घे. देवाजीभाऊ सारं आयुष्य केवळभाऊंच्या पायावर श्वास घेत आले होते. हे दोघांनाही नीटसं ठाऊक नव्हतं. मी जो दोष म्हणून काढून टाकला होता, तोच नेमका गाणाऱ्याला हवा होता.

देवाजीभाऊ वाईट माणूस नव्हते. पण गावोगावचे लोक नाटक ठरवायला दारात बसले होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "पहिल्या प्रयोगाले पेटी आणा. संग नागपूरकडचा वाजवणारा बी मी बोलावून ठेवतो. जमलं तं केवळभाऊ, नाई तं थो."

परत येऊन मी चौथा खण बांधला. एका डब्यात छोटा दिवा, त्याच्यासमोर उजेड पडला की विजेला वाट देणारा एक चिमुकला भाग, आणि दोघांच्या मध्ये काळ्या पुठ्ठ्याचा पडदा. पडद्याला दोरी आणि दोरी एका फळीला. उजव्या पायानं फळी दाबली, की पडदा सरकायचा आणि सूर फुगायचा. सोडली की पडायचा. एक पाय पुरत होता, कारण आता त्याला वारा भरायचा नव्हता, नुसतं सांगायचं होतं. या खणाचं नाव अर्थातच भाता.

तेवढ्यात थंडी पडली, आणि माझी आणखी एक फजिती उघड झाली. पेटी मी मे महिन्यात सुरात लावली होती. आमच्या चंद्रपूरच्या मे महिन्यात! ट्रान्झिस्टर थंड पडला की त्याचा सूर उतरतो, हे मासिकात लिहिलेलं होतं, पण उन्हाळाभर दुकानात थंड असं काही नव्हतंच, त्यामुळं माझ्या ते मनावरच आलं नाही. पहिल्या गारठ्यात काळी दोनची पांढरी दोन झाली. पुण्या-मुंबईच्या मिस्तरीनं अशी चूक केली नसती, ती करायला आमचं ऊनच पाहिजे.

उपाय केला तो कोंबडीचा. भुंग्यांचे ट्रान्झिस्टर एका लहान पत्र्याच्या डब्यात पाठीला पाठ लावून बसवले आणि आत टॉर्चचा एक बल्ब कायम पेटता ठेवला. डबा अंगाइतका कोमट राहायचा. पेटीत जागा नव्हती, म्हणून तो हातभर वायरीवर बाहेर ठेवला. केवळभाऊ त्याला खुराडं म्हणत. मी त्यांना दहादा बजावलं, खुराड्याला हात लावू नका. अनुसयाबाईंना बजावायचं मला सुचलं नाही.

पहिला प्रयोग वडशापासून काही कोसांवरच्या गावात होता. मीही गेले. खड्ड्यात केवळभाऊ पेटीपुढं, त्यांच्यामागं शाल गुंडाळून अनुसयाबाई, आणि शेजारी चादर झाकलेला जुना ऑर्गन. ऑर्गनमागं नागपूरकडचा वादक मफलर बांधून बसलेला. बिचारा पान खात होता, पण मला तो यमदूत दिसत होता. गर्दी म्हणजे अख्खी पंचक्रोशी. बैलबंड्या सोडून लोक पोराबाळांसकट गोधड्या घेऊन आले होते.

नाटक रंगलं. भात्यानं काम केलं. देवाजीभाऊ श्वास घेत होते, लोक टाळ्या देत होते. माझा जीव हळूहळू भांड्यात पडत गेला. पडद्यामागं चहासुद्धा मिळाला.

शेवटच्या अंकाला उजाडू लागलं. नदीकडून धुकं आलं आणि असला गारठा सुटला, की तबलजी बोटांवर फुंकर मारू लागला. आणि मला ऐकू आलं. सूर खाली सरकत होता. केवळभाऊंनी सुराची कळ थोडी फिरवली. सूर सावरला, परत घसरला. त्यांनी आणखी फिरवली. मी वाकून, लोकांच्या पायांतून खड्ड्यात उतरले तेव्हा कळ टोकाला जाऊन भिडली होती. पुढं फक्त देवाजीभाऊंचं शेवटचं पद उरलं होतं. सारं नाटक लोक त्या पदासाठी जागले होते.

मी खुराड्याला हात लावला. डबा गार होता. झाकण काढलं तर आत बल्बच नाही.

"बल्ब कुठं गेला?" मी दात-ओठ खात विचारलं.

अनुसयाबाईंचा चेहरा उतरला. "थो तं मी मघाशी टार्चात लावला. टार्चातला उडाला होता जी. याईले काठी टेकत अंधारात जा लागते, साप-किरडू असते. हा डब्यात उगाच जळून राह्यला होता..."

"टॉर्च कुठंय?"

"बंडीत."

बंडी गावाबाहेर, शंभर बंड्यांमध्ये. आणि बल्ब सापडला तरी डबा तापायला वेळ लागणार. वर देवाजीभाऊंनी उतरलेला सूर ऐकला होता. मुरलेला नट तो. पद सुरू करायच्या ऐवजी त्यांनी नसलेलं भाषण सुरू केलं, आईची आठवण काढली, गावाची काढली, आणि बोलता बोलता खड्ड्याकडे बघितलं. नागपूरकडच्या वादकानं पान थुंकलं आणि ऑर्गनवरची चादर अर्धी ओढली. केवळभाऊंनी पट्ट्यांवरचे हात उचलले नाहीत, पण त्यांची मान खाली गेली. मला वाटलं, संपलं.

"याले गरमच पायजे ना?" अनुसयाबाईंनी विचारलं.

मी हो म्हणेपर्यंत त्यांनी झाकण दाबून डबा माझ्या हातातून घेतला होता. शालीखाली, पदराखाली, थेट काखेत. वर दुसरा हात घट्ट. डोळे मिटून त्या बसल्या, नुकतं जन्मलेलं पाडस धरून बसावं तशा. वायर पदरातून निघून पेटीत गेली होती.

केवळभाऊंनी एक पट्टी हलकी दाबून धरली. सूर खालीच होता. देवाजीभाऊ वर आजोबांच्या आठवणींपर्यंत पोचले. मग तो सूर किंचित हलला. वर सरकला. आणखी सरकला. केवळभाऊ कळ मागं घेत गेले, घेत गेले, आणि काळी दोन जिथं असायला हवी तिथं येऊन सूर उभा राहिला. तो तिथून हलेना. बाईमाणसाच्या अंगाची ऊब माझ्या बल्बपेक्षा पक्की निघाली.

देवाजीभाऊंनी वाक्य अर्ध्यात सोडून पद उचललं. केवळभाऊंच्या उजव्या पायानं फळी दाबली, सूर फुगला, त्यांनी श्वास घेतला. गर्दीतून एकदम "वा!" आला. नागपूरकडच्या वादकानं चादर परत नीट पांघरली आणि तोही मान डोलवू लागला, हेही त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. पद संपेपर्यंत अनुसयाबाईंनी डोळे उघडले नाहीत. मला वाटतं त्यांनी श्वासही बेतानंच घेतला. मी खड्ड्याच्या मातीत मांडी घालून बसले आणि लाज सोडून रडले, कारण आता काही चुकणार नव्हतं.

पुढं केवळभाऊंनी कितीतरी हंगाम त्या पेटीवर काढले. बल्ब मी डाख देऊन कायमचा चिकटवून टाकला, तरी अनुसयाबाई दर हंगामाला बरोबर जात. नंतर कारखान्यात बनलेल्या चकचकीत पेट्या आल्या, हलक्या, कधीही न उतरणाऱ्या. माझ्या पेट्या कुणी मागेना. वाईट वाटलं, नाही असं नाही. एक तरी पेटी ठेवायला हवी होती.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलंच. पडदा पडला, लोक गोधड्या झटकत उठले, आणि देवाजीभाऊ चेहऱ्यावरच्या रंगासकट खड्ड्यात उतरले. केवळभाऊंना म्हणाले, "उद्या चिमूरकडं प्रयोग हाये. पेटी सांभाळून आणा." केवळभाऊ नुसते पट्ट्या पुसत राहिले. मग देवाजीभाऊ माझ्या दिशेनं वळले आणि त्यांनी हात जोडले.

"बाई, आज इज्जत ठेवली तुमी."

मी पण हात जोडले. म्हटलं, "अहो, माझं कामच आहे ते."

देवाजीभाऊ गोंधळले. "तुमाले नाई जी, मिस्तरी," ते म्हणाले, "मी बाईले म्हणून राह्यलो."

मी पाठीमागं बघितलं. अनुसयाबाई अजून डबा काखेत धरून बसल्या होत्या.